आधी साहेबांच्या लॉगिनची नोंद ठेवा

कुठल्या संगणकावर कोण किती वाजता बसलं आणि कधी उठलं, याची नोंद संस्थेनं ठेवावी की नाही, हा वाद आता शिल्लक नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनी तो निकाली काढला. कंपनी असो, सरकारी कार्यालय असो, सगळ्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या, सायबर हल्ला झाला की कळल्यापासून सहा तासांत कळवायचं, आणि संगणकांची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवायची. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात चार पातळ्या आखून दिल्या. बँकेचा डिजिटल पसारा जेवढा मोठा तेवढी बंधनं जास्त. देशात सगळ्यात जास्त नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत, तेव्हा हे प्रकरण आपल्याच दारातलं आहे. पैसा लोकांचा, माहिती लोकांची, तर नोंद हवीच. मी स्वतः अशाच संस्थांचे संगणक सांभाळून पोट भरतो आणि या बाबतीत नोंद ठेवणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

माझं भांडण ती बसवण्याच्या रीतीशी आहे. आपल्याकडे लॉगिनची नोंद ठेवणारा एजंट, म्हणजे प्रत्येक संगणकावर टाकलेला छोटा प्रोग्रॅम, गुपचूप बसतो, वरून खाली बसतो, आणि बसल्यावर खालच्यांवरच नजर ठेवतो. कौंटरवरचा क्लार्क त्यात पूर्ण सापडतो. शाखाधिकारी अर्धामुर्धा सापडतो. आणि ज्याच्या हातात सगळ्या यंत्रणेच्या किल्ल्या आहेत तो संगणक विभागाचा माणूस, आणि त्याला फोनवरून हुकूम सोडणारे साहेब, यांच्याकडे त्या नजरेची पाठ असते. हे उलटं व्हायला हवं. एजंट जरूर बसवा, पण सांगून बसवा, आणि पहिला बसवा तो सगळ्यात जास्त अधिकार असलेल्यांच्या संगणकांवर.

हे काम होतं कसं, ते थोडं जवळून पाहू, कारण बसवण्याच्या सोपेपणातच सगळी गोम आहे.

बहुतेक मध्यम संस्थांमध्ये विंडोजचे संगणक एका डोमेनमध्ये, म्हणजे एकाच ठिकाणाहून चालवल्या जाणाऱ्या जाळ्यात, जोडलेले असतात. विंडोज २००० पासून आलेली ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही त्या डोमेनची वही: कोण वापरकर्ता, कुठला संगणक, कोणाला कशाची मुभा. सकाळी क्लार्कनं पासवर्ड टाकला की तो बरोबर आहे का हे डोमेन कंट्रोलर, म्हणजे ही वही सांभाळणारा सर्व्हर, तपासतो आणि त्याची नोंद स्वतःकडे ठेवतो. मग वेगळा एजंट कशाला? कारण डोमेन कंट्रोलरला फक्त दार उघडल्याचं कळतं. संगणक लॉक केला, दिवस संपवून लॉगऑफ केलं, याच्या नोंदी त्या त्या संगणकाच्याच सिक्युरिटी लॉगमध्ये पडतात. प्रत्येक प्रकारच्या नोंदीला विंडोजचा ठरलेला क्रमांक असतो: यशस्वी लॉगिनला ४६२४, चुकलेल्याला ४६२५, वापरकर्त्यानं स्वतः लॉगऑफ केलं तर ४६४७, लॉक ४८००, अनलॉक ४८०१. शेवटच्या दोन तर ऑडिटचं एक उपकलम मुद्दाम चालू केल्याशिवाय पडतच नाहीत. आणि हा लॉग मूळच्या सेटिंगमध्ये फक्त २० एमबीचा असतो; भरला की जुन्या नोंदी पुसून त्यांच्या जागी नव्या लिहिल्या जातात. बऱ्यापैकी वापरात असलेल्या संगणकावर मागच्या महिन्यातलं काही शोधायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. १८० दिवसांचं बंधन आणि २० एमबीची वही, हा हिशेब जुळत नाही. म्हणून प्रत्येक संगणकावरून नोंदी उचलून मध्यवर्ती सर्व्हरवर नेणारा कोणीतरी लागतो. तो एजंट.

आता तो शे-दीडशे संगणकांवर पोचवायचा कसा? गावोगावच्या शाखांत पेनड्राइव्ह घेऊन कोण फिरणार? इथं ग्रुप पॉलिसी येते, म्हणजे डोमेनमधल्या सगळ्या संगणकांना एका जागेवरून सेटिंग आणि सॉफ्टवेअर देण्याची सोय. एजंटची एमएसआय फाइल (इन्स्टॉल करायचं पॅकेज) सर्व्हरवरच्या एका शेअर फोल्डरमध्ये ठेवायची. त्या फोल्डरवर संगणकांच्या खात्यांना वाचायची परवानगी द्यायची. नवख्याचं पाऊल नेमकं इथंच घसरतं, कारण इन्स्टॉल करताना तिथं कोणी माणूस लॉगिन झालेला नसतो, संगणक स्वतःच्या नावानं फाइल मागायला येतो. पॅकेजचा पत्ता पूर्ण नेटवर्क पाथनं द्यायचा. स्वतःच्या मशीनवरचा सी ड्राइव्ह दिला की प्रत्येक संगणक आपापल्या सी ड्राइव्हवर ती फाइल शोधत बसतो. मग पॉलिसी त्या ओयूला, म्हणजे डोमेनमधल्या संगणकांच्या त्या गटाला, जोडायची आणि वाट पाहायची. साध्या सेटिंगा दीड-दोन तासांत आपोआप पोचतात, पण सॉफ्टवेअर संगणक सुरू होतानाच बसतं. त्यातही विंडोज नेटवर्कसाठी न थांबता पुढं सरकत असेल तर एका रीस्टार्टनं भागत नाही, दुसरा लागतो. शाखेतून फोन येतो, “आज मशीन लय वेळ घेतंय हो उघडायला.” आपण म्हणतो, “अपडेट चाललंय.”

हे “अपडेट चाललंय” मी अनेक ठिकाणी ऐकलं आहे आणि ते खोटं आहे. मशीनवर लॉगिनची नोंद घेणारा प्रोग्रॅम बसतोय. तो लॉगिनची पाटी दिसायच्या आधी, सिस्टीमच्या अधिकारानं बसतो. समोरच्या माणसाला तो काढता येत नाही आणि बहुतेकदा दिसतही नाही. बँकेत चहापाण्याच्या खर्चाच्या व्हाउचरवर दोन सह्या लागतात. सगळ्या शाखांतल्या सगळ्या माणसांवर नजर ठेवणारं यंत्र बसवायला एका माणसाचा माउस पुरतो, आणि त्या क्लिकवर कोणाची सही नसते. तांत्रिक सोय इतकी मोठी असते तेव्हा प्रशासनानं तिच्याभोवती मुद्दाम अडथळा उभा करायचा असतो. आपण तो केलेला नाही.

नुसती नोंद ठेवून काय हाती लागतं, तेही बघा. कोणत्याही छोट्या शाखेत दुपारी बाराच्या गर्दीत जाऊन उभे राहा. अधिकारी कर्जाच्या वसुलीला बाहेर गेलेले. कौंटरवर मर्यादेपेक्षा मोठी रक्कम आलीय, तिला अधिकाऱ्याचं पासिंग लागतं. ग्राहक घड्याळाकडे बघतोय. क्लार्क फोन लावतो, “साहेब, पास करायचंय.” पलीकडून उत्तर येतं, “माझ्या आयडीनं कर, पासवर्ड तोच आहे.” मेकर (एंट्री करणारा) एक आणि चेकर (ती तपासून पास करणारा) दुसरा, ही बँकेतल्या संगणकीय सुरक्षिततेची पहिली पायरी. ती अशी रोज दुपारी मोडते आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही, कारण न मोडली तर ग्राहक ओरडतो आणि तक्रार क्लार्कवर येते. संगणकाच्या पाठीमागे किंवा कीबोर्डखाली चिकटवलेली चिठ्ठी तर आता विनोदाचाही विषय राहिलेली नाही. ग्रामपंचायतीपासून मोठ्या कार्यालयापर्यंत “काउंटर१”, “काउंटर२” अशी सामाईक खाती अजून सर्रास चालतात. कंत्राटी ऑपरेटर दर काही महिन्यांनी बदलतो, खातं तेच राहतं.

अशा ठिकाणी एजंट बसवून मिळतं काय? “काउंटर२ हे खातं ११ वाजून ४२ मिनिटांनी लॉगिन झालं.” अगदी खरं, सेकंदापर्यंत बिनचूक, आणि पूर्ण निरुपयोगी. त्याहून वाईट म्हणजे साहेबांच्या आयडीनं झालेली एंट्री क्लार्कच्या मशीनवर दिसते आणि चौकशीत दोषी कोण ठरतो हे सांगायला नको. २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण उघडकीस आलं. आरोप असा होता की स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून हमी संदेश कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत, नोंद न करताच जात राहिले आणि स्विफ्टचे पासवर्ड नको त्यांच्या हाती गेले होते. सुरुवातीला जाहीर झालेला आकडा ११,४०० कोटींच्या घरातला होता. त्या वर्षांत लॉगिनच्या नोंदी कुठंतरी पडतच असणार. नोंद असण्यानं काही अडलं नाही, कारण नोंदीतलं नाव आणि खुर्चीवरचा माणूस एकच आहे याची हमी नव्हती, आणि ती नोंद दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहणारं कोणी नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रत्येकाला स्वतःचं खातं दिल्याशिवाय एजंट बसवणं हा संस्थेच्या पैशाचा अपव्यय आहे. आणि स्वतःचं खातं द्यायचं तर अधिकारी बाहेर असताना पासिंग कोण करणार याची रीतसर सोय लावावी लागते. ती सोय म्हणजे आणखी एक माणूस. एजंटचा परवाना माणसापेक्षा स्वस्त पडतो, म्हणून संचालक मंडळ परवाना मंजूर करतं.

आता वरच्या मजल्याकडे. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना आधी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. मुंबईत रिझर्व्ह बँकेसमोर आणि कोर्टासमोर उभ्या राहिलेल्या त्या लोकांची छायाचित्रं अनेकांना आठवत असतील. आरोप होता की एका बांधकाम समूहाची थकीत कर्जं लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवण्यात आली. असं काम कौंटरवरचा क्लार्क मध्यरात्री चोरून लॉगिन करून करत नाही. ते कार्यालयीन वेळेत, स्वतःच्या वैध खात्यानं, पूर्ण अधिकारानं होतं. लॉगिनचा कुठलाही अहवाल त्यावर लाल खूण करणार नाही. कारण अहवालाचे नियम “रात्री आठनंतर लॉगिन झालं तर कळव”, “पाचदा पासवर्ड चुकला तर कळव” असे, म्हणजे खालच्या माणसाच्या चुका पकडणारे असतात. वरच्या माणसाचा पासवर्ड चुकतही नाही आणि त्याला रात्री थांबावंही लागत नाही.

आणि संगणक विभाग? डोमेन ॲडमिनचं, म्हणजे सगळ्या डोमेनवर पूर्ण ताबा देणारं, खातं ज्याच्याकडे आहे तो एजंट बसवतो, तोच काढू शकतो. कुठल्या ओयूला पॉलिसी लागेल आणि कुठला गट वगळायचा, हेही तोच ठरवतो. “आमच्या मशीनना नको, सर्व्हरचं काम स्लो होतं,” असं म्हणून संगणक विभाग स्वतःला आणि “साहेबांचा लॅपटॉप आहे, राहू दे” म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना वगळल्याचं मी पाहिलं आहे. ही वगळणी कुठल्याही ठरावात नसते, ती पॉलिसीच्या सिक्युरिटी फिल्टरिंगमध्ये, म्हणजे पॉलिसी कोणाला लागू हे ठरवणाऱ्या यादीत, असते, आणि ते पान लेखापरीक्षकानं उघडून पाहिल्याचं मी क्वचितच ऐकलं आहे. सिक्युरिटी लॉग पुसला तर विंडोज ११०२ क्रमांकाची नोंद टाकतं: लॉग पुसला, अमुक खात्यानं पुसला. चांगली सोय आहे. पण ती नोंद जिथं पोचते तो सर्व्हरही त्याच माणसाच्या ताब्यात असेल, तर चोरीची फिर्याद चोराच्याच घरच्या टपालपेटीत पडते.

बांगलादेश बँकेवर २०१६ च्या फेब्रुवारीत दरोडा पडला. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचले. तिथं स्विफ्टच्या व्यवहारांच्या प्रती एका प्रिंटरवर आपोआप छापल्या जायच्या. हल्लेखोरांनी आधी त्या छपाईचाच बंदोबस्त केला, आणि कर्मचाऱ्यांना वाटलं प्रिंटर बिघडलाय. नोंद ठेवणारं यंत्र चोराच्या हाताला लागेल अशा जागी असलं की असं होतं. सहकारी संस्थेत याचा अर्थ सरळ आहे: लॉगिनच्या नोंदी ज्या सर्व्हरवर जातात, त्याचा पासवर्ड संगणक विभागाकडे नको. तो अंतर्गत लेखापरीक्षणाकडे किंवा बाहेरच्या कोणाकडे हवा, आणि अहवाल थेट लेखापरीक्षण समितीच्या टेबलावर जायला हवा. छोट्या बँकेला हे परवडत नाही म्हणतात. मग चार बँकांनी मिळून करावं. त्यांचे फेडरेशन आणि असोसिएशन आणखी कशासाठी आहेत?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, “संगणक विभागावर विश्वासच नाही का तुमचा?” प्रश्न विश्वासाचा नाही. मी त्याच विभागातला माणूस आहे आणि मला स्वतःलाच ही नजर हवी आहे. उद्या काही घडलं तर माझ्या खात्यानं त्या रात्री काहीच केलं नव्हतं, हे माझ्या ताब्यात नसलेल्या वहीतूनच सिद्ध होईल. माझ्याच ताब्यातली वही दाखवून मी निर्दोष आहे म्हटलं तर कोण ऐकणार?

दुसरी वाईट सवय हजेरीची. एजंट सुरक्षेसाठी म्हणून येतो आणि महिन्याभरात मनुष्यबळ विभागातून फोन येतो, “तुमच्याकडे लॉगिनच्या वेळा आहेत ना, जरा एक्सेलमध्ये द्या.” साडेदहाला शाखा उघडते, अमक्याचं लॉगिन १० वाजून ५२ मिनिटांनी, मग लेट मार्क. मधला लॉक तासभराचा दिसतोय, मग खुलासा मागवा. हे तांत्रिकदृष्ट्याही चुकीचं आहे. क्लार्क आल्या आल्या तिजोरीपाशी रोकड मोजत असतो, वयस्कर पेन्शनरचा हयातीचा दाखला भरून देत असतो, संगणकाला हात लावायला त्याला अर्धा तास उशीर होतो. शिपाई साडेनऊला येऊन सगळी मशीन सुरू करून ठेवतो. नेटवर्क बंद असताना जुन्या साठवलेल्या पासवर्डावर झालेलं लॉगिन वेगळ्या प्रकारात नोंदलं जातं, प्रिंटर शेअर उघडला तरी ४६२४ पडतो, लॉक उघडला तरी ४६२४ पडतो. ४६२४ च्या नोंदीतला लॉगिनच्या प्रकाराचा आकडा न बघता यादी काढली तर एकच माणूस दिवसात वीस वेळा “आला” असं दिसतं.

आणि वेळेचा घोळ तर विचारू नका. विंडोज ही नोंद आतमध्ये जागतिक वेळेनं ठेवतं आणि दाखवताना आपल्या वेळेत बदलून दाखवतं. कच्चा डेटा बाहेर काढणाऱ्यानं हे लक्षात घेतलं नाही तर सकाळी १० वाजून ७ मिनिटांचं लॉगिन पहाटे ४ वाजून ३७ मिनिटांचं होतं. एका संस्थेत एका बाईंना “आपण पहाटेच्या वेळी प्रणालीत का प्रवेश केला” असा मेमो मिळाला होता. त्यांनी उत्तरात काय लिहावं हे त्यांना कळेना, कारण त्या वेळी त्या घरी झोपलेल्या होत्या. मेमो काढणाऱ्यानं साडेपाच तास मिळवून पाहण्याची तसदी घेतली नव्हती. या प्रकरणात बाई सुटल्या, कारण चूक हास्यास्पद होती. चूक वीस मिनिटांची असती तर सुटल्या असत्या का?

कोणी म्हणेल, कर्मचाऱ्याला कायदा आहे की. थोडा आहे, पण त्यात एक भोक आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच पायावर डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. या कायद्याचं कलम ७ मालकाला नोकरीच्या कारणासाठी आणि संस्थेचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा देतं. त्यात मला आक्षेप नाही. लॉगिनच्या नोंदीला प्रत्येकाची संमती मागत बसलो तर जो देणार नाही त्याचंच काय करायचं, हा प्रश्न येईल. पण कायद्यात नोटीस देण्याचं बंधन आहे ते संमती मागताना. संमती लागत नसेल तर नोटीसही लागत नाही. आपली माहिती काय आहे हे मागून पाहण्याचा हक्कही मुळात संमती देणाऱ्यालाच आहे. म्हणजे ज्या क्लार्कच्या लॉगिनची प्रत्येक मिनिटाची नोंद संस्थेकडे आहे, त्याला ती आहे हे सांगण्याचं आणि मागितली तर दाखवण्याचं बंधन या कायद्यानं संस्थेवर टाकलेलं नाही. नियमांत नोंदी किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे, आणि सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. या आकड्याच्या धाकानं संस्था जास्तीत जास्त गोळा करतील, आणि सांगायचं बंधन नाही म्हणून सांगणार नाहीत.

युरोपात हा प्रश्न कोर्टात गेला. रुमानियातल्या एका खाजगी कंपनीनं बोग्दान बर्बुलेस्कू या कर्मचाऱ्याचे मेसेंजरवरचे संदेश वाचून त्याला काढून टाकलं होतं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठानं ५ सप्टेंबर २०१७ ला त्याच्या बाजूनं निकाल दिला. कंपनीनं लक्ष ठेवूच नये असं पीठानं म्हटलं नाही. कुठल्या प्रकारचं आणि किती लक्ष ठेवलं जातंय हे त्याला आधी सांगितलं होतं का, हे खालच्या न्यायालयांनी नीट तपासलं नाही, यावर बोट ठेवलं. लॉगिनची वेळ म्हणजे कोणाचा खाजगी संदेश नव्हे, हे मान्य. पण आधी सांगा, ही अपेक्षा तर इतकी साधी आहे की तिला आपल्याकडे न्यायालयापर्यंत जावं लागू नये.

“सांगितलं तर चोर सावध होईल” हा युक्तिवाद मला सगळ्यात पोकळ वाटतो. सावध झालेला चोर चोरी करत नसेल तर काम झालं की. बँकेच्या लॉकरचं रजिस्टर बघा: कोण कधी आत गेलं हे ग्राहकाच्या डोळ्यांदेखत लिहिलं जातं, तो त्यावर सही करतो, आणि तरीही त्याला त्यात अपमान वाटत नाही. गुपचूप ठेवलेल्या नोंदीनं पकडलेला प्रत्येक माणूस मात्र आधी एवढंच विचारतो, “माझ्यावर नजर होती हे मला का नाही सांगितलं?” आणि चौकशीचा रोख तिथंच भरकटतो. युनियन त्यावरच भांडते, आणि बरोबर भांडते.

एक धोका संगणक विभागानं स्वतःहून संचालकांना सांगायला हवा, तो बहुधा सांगितला जात नाही. प्रत्येक मशीनवर सिस्टीमच्या अधिकारानं बसलेला एजंट हा स्वतःच एक दार असतो. १९ जुलै २०२४ ला सुरक्षेच्याच एका एजंटच्या चुकीच्या अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. २०२० च्या डिसेंबरात सोलरविंड्सचं प्रकरण आलं तेव्हा नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचंच बिघडवलेलं अपडेट सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोचलेलं होतं. लॉकबिट नावाच्या खंडणीखोर टोळीनं २०२१ मध्ये आपला प्रोग्रॅम डोमेनभर पसरवायला ग्रुप पॉलिसीच वापरली, म्हणजे आपण एजंट पसरवतो तीच वाट. आणि आपल्याकडचा खास निष्काळजीपणा म्हणजे एजंट बसवायच्या स्क्रिप्टमध्ये ॲडमिनचा पासवर्ड तसाच लिहून ती सिसव्हॉल या डोमेन कंट्रोलरवरच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकणं. तो फोल्डर डोमेनमधला प्रत्येक वापरकर्ता वाचू शकतो. पूर्वी ग्रुप पॉलिसीच्या प्रेफरन्सेसमध्ये पासवर्ड ठेवायची सोय होती. त्याची गुप्त किल्ली खुद्द मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजातच उघड होती, म्हणून मे २०१४ मध्ये एका पॅचनं (दुरुस्तीच्या अपडेटनं) ती सोय बंद करावी लागली. आधी ठेवलेल्या फाइली मात्र त्या पॅचनं पुसल्या नाहीत. जुन्या डोमेनमध्ये त्या अजून सापडतात.

तेव्हा एजंट विकत घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: लागतोच का? विंडोजमध्ये नोंदी पुढे पाठवण्याची सोय मुळातच आहे, वेगळा परवाना लागत नाही. ग्रुप पॉलिसीनं ती चालू करता येते, नेमके हवे तेवढेच क्रमांक मध्यवर्ती सर्व्हरवर मागवता येतात. मेहनत थोडी जास्त आहे, रंगीत डॅशबोर्ड मिळत नाही, आणि विक्रेत्याला कमिशन मिळत नाही. शंभर-दोनशे मशीनच्या संस्थेला ती पुष्कळ होते. मोठ्या बँकेला एजंट लागेल, तिनं घ्यावा. पण आधी दहा मशीनच्या वेगळ्या ओयूत चालवून बघावा, आणि त्या दहांत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा लॅपटॉप असावा.

सांगायचं कसं, याला तर काहीच निमित्त चालणार नाही. ज्या ग्रुप पॉलिसीनं एजंट बसतो, तिच्यातच सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये लॉगिनआधी संदेश दाखवायचं सेटिंग आहे, एक मथळ्यासाठी आणि एक मजकुरासाठी. वर्षानुवर्षं तिथं पडून आहे, फुकट आहे, मराठीत लिहिलं तरी चालतं. मजकूर असा असू शकतो: “या संगणकावर आपण कधी लॉगिन झालात, लॉक केलं आणि लॉगऑफ केलं याची नोंद ठेवली जाते. ही नोंद सुरक्षेच्या चौकशीसाठीच वापरली जाईल, हजेरीसाठी नाही. ती एक वर्ष ठेवली जाईल आणि लेखापरीक्षण समितीच्या ताब्यात राहील. आपली नोंद आपल्याला मागून पाहता येईल. अध्यक्ष, संचालक, अधिकारी आणि संगणक विभाग यांनाही हेच लागू आहे.”

टाइप करायला पाच मिनिटं लागतील, सगळ्या शाखांत पोचायला दीड-दोन तास. शेवटच्या वाक्यावर मात्र संचालक मंडळाच्या बैठकीत बराच वेळ जाईल. जाऊ द्यावा, आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. वाक्य गाळायचं ठरलं तर कोणाच्या सूचनेवरून गाळलं, हे सभासदांनी पुढच्या वार्षिक सभेत लाभांशाच्या विषयाआधी विचारावं.